मदत हवी आहे: कडुनिंबानं जंत जात नाहीत, आता काय देऊ?

रानवाट
आठ दिवस रोज मूठभर कडुनिंबाचा पाला चारतोय, लेंडी अजून पातळच. खातात बऱ्या, पण अंगाला लागत नाही. वावडिंग किती आणि कसं पाजायचं तेवढं सांगा. रासायनिक औषध नको. जरा लवकर सांगा.

हिरवाचारा
जनावर कुठलं? वय काय? गाभण आहे का?

दावण
वावडिंग राहू द्या, पळसाचं बी घ्या. सोलून, कुटून सकाळी उपाशीपोटी. आमच्याकडे वडिलांपासून हेच देतात. जंत पडताना डोळ्यांनी पाहिलेत.

लेंडीतपासणी
दावण, पडताना दिसले ते पट्टकृमीचे तुकडे असतील. शेळ्यामेंढ्यांचा जीव घेतो तो हिमाँकस. चौथ्या पोटाला चिकटून रक्त पितो, जेमतेम 2-3 सेंमी, बारीक. लेंडीत तो दिसत नाही, त्याची अंडी सूक्ष्मदर्शकाखालीच कळतात.

दावण
म्हणजे इतकी वर्षं आम्ही खोटं बघितलं का?

सावलीतला
गोचिडांसाठी करंज तेल साबणाच्या पाण्यात फेटून लावा. गोठ्याच्या भेगाही सोडू नका, मादी खाली पडून तिथेच हजारो अंडी घालते. तंबाखूचा काढा मात्र अंगाला लावू नका, निकोटीन कातडीतून भिनतं.

रानवाट
गोचीड नाहीत हो! शेळ्याच आहेत, तीन. एक चार महिन्यांची गाभण. दुसरीच्या जबड्याखाली पिशवीसारखं लोंबतंय, काटा लागला असेल. चरून आली की दिसतं, सकाळपर्यंत ओसरतं.

लेंडीतपासणी
हे आधी सांगायला हवं होतं. तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघा. आत लाल, गुलाबी की पांढरं?

रानवाट
पांढरं. कागदासारखं.

लेंडीतपासणी
मग दादा, पाल्याचे प्रयोग आज थांबवा. रक्त इतकं गेलंय की त्यातली प्रथिनं घटून जबड्याखाली पाणी उतरलंय. डॉक्टरांना आजच बोलवा. गाभण शेळीचं आधीच सांगा, काही औषधं गाभणकाळात चालत नाहीत. वावडिंगही तिला नको. डोस वजन करूनच द्या, अंदाजानं कमी पडला तर कणखर जंत मागे उरतात. 10 ते 14 दिवसांनी लेंडी पुन्हा तपासा, औषध लागू पडलं की नाही ते तेव्हाच कळेल.

हिरवाचारा
पाला अगदीच वाया नाही हां. बाभळीसारख्या टॅनिनवाल्या, म्हणजे तुरट पाल्यानं अंडी कमी पडू शकतात. शिवाय झाडपाला उंचावरचा, जंतांच्या अळ्या असतात गवताच्या बुडाशी. मी दव सुकल्याशिवाय सोडत नाही आणि गवत चार बोटं उरलं की कुरण बदलते. पण हे सगळं धडधाकट कळपासाठी.

दावण
आधी डॉक्टर, हे मलाही मान्य. पळसाचं नंतर बोलू.

रानवाट
डॉक्टर संध्याकाळी येतायत. तिसरीचीही पापणी फिकट निघाली. गाभणीची चांगली गुलाबी आहे. तिलाही पाजून घेऊ का?

लेंडीतपासणी
तिची लेंडी ताजी, मागून हातात घ्या, जमिनीवरची नको. डॉक्टरांकडे तपासायला द्या, मग ठरवा.