मदत हवी आहे : काचेवरच्या प्लाझ्मा कोटिंगची पेटंट्स कशी जुळवायची?

मंडळी, काचेवर प्लाझ्माने (विद्युतभारित वायूने) पातळ थर चढवण्याबद्दलची एकाच संशोधकाची पेटंट्स वाचतोय, पण पेटंटांच्या विषयवार वर्गीकरणाच्या संकेतांकांत अडकलोय. काचेवरचा लेप सी०३सी १७ मध्ये, स्पटरिंग (आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडवून थर चढवणं) सी२३सी १४ मध्ये, काच घडवणं सी०३बी मध्ये! त्यात नाव कुठे पूर्ण, कुठे नुसती आद्याक्षरं. एकाच शोधाचे चार देशांतले अर्ज मी चार वेगळे शोध धरले होते. प्राधान्य तारीख (शोधाच्या पहिल्या अर्जाची तारीख) एकच दिसली तेव्हा लक्षात आलं.

एस्पासनेटवर (युरोपीय पेटंट कार्यालयाच्या पेटंट शोधायच्या संकेतस्थळावर) संशोधकाचं नाव आणि वर्ग एकत्र कसे टाकायचे? आणि मुदत अर्जापासून २० वर्षं असली, तरी नूतनीकरण शुल्क न भरल्याने पेटंट आधीच रद्द झालंय का, हे नक्की कुठे पाहायचं? पेटंटमधले दावे (नेमक्या कशावर हक्क सांगितलाय ती कलमं) मला नीट कळतात, विशेषतः निर्वात कक्षातला दाब आणि आर्गॉनचं प्रमाण मांडलेले. हे काम मला मनापासून पूर्ण करायचंय. कुणी केलं असेल तर कृपया सांगा.