राज्य निवडणूक आयोग स्वतंत्र म्हणायचा, तर गटरचना आणि मतदार यादी त्याच्या हातात का नाही?

पैनगंगाकाठ
यवतमाळ, अमरावती जिल्हा परिषदांची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली आणि मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर प्रशासक आले. ठरावही त्यांचाच, अंमलबजावणीही त्यांचीच. घटनेचं कलम २४३-ई स्पष्ट आहे: मुदत संपायच्या आत नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. किशनसिंग तोमर खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्य निवडणूक आयोगांना सांगितलं होतं की सरकार साथ देत नसेल तर कोर्टात या. तरीही तारखा हलायला ६ मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागला.

माझ्या मते दुखणं मुळात आहे. तारीख आयोग जाहीर करतो, पण तारखेआधीची कामं दुसऱ्यांच्या हातात. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा बदलून प्रभागरचना, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी ठरवणं, सरकारकडे घेतली. २०२५ ला जिल्हा परिषदेच्या गटांचा आणि पंचायत समितीच्या गणांचा मसुदा जिल्हाधिकाऱ्यांनी काढला, अंतिम मोहोर विभागीय आयुक्तांची. दोघेही सरकारचे अधिकारी. यादी विधानसभेची, म्हणजे दिल्लीच्या (भारत निवडणूक) आयोगाने केलेली. रचना कायमची राज्य आयोगाकडे द्यावी, यादी त्याने स्वतः करावी आणि प्रत्येक जिल्ह्यात त्याचा स्वतःचा माणूस असावा, असं माझं म्हणणं आहे. विरोधी मतं हवी आहेत.

अचलपूर_नाका
विरोधी मत माझं घ्या. उसनी माणसं म्हणजे दुबळा आयोग, हे गणित चुकीचं आहे. दिल्लीच्या आयोगाकडे तरी गावात स्वतःचं कोण असतं? जिल्हाधिकारीच जिल्हा निवडणूक अधिकारी, बीएलओ (मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी) म्हणून फिरणारी अंगणवाडी सेविका किंवा गुरुजी. पण १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २८-ए प्रमाणे निवडणुकीच्या कामावरचा माणूस अधिसूचनेपासून निकालापर्यंत आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचं मानलं जातं, शिस्तही आयोगाचीच. मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांच्या काळातली यंत्रणाही उसनीच होती.

राज्य आयोगासाठी घटनेचं कलम २४३-के (३) आहे: आयोगाने मागितला की राज्यपालांनी कर्मचारीवर्ग द्यायचा. १५ जानेवारी २०२१ ला ज्या ग्रामपंचायतींचं मतदान झालं, त्यांचा कार्यक्रम १४,२३४ ग्रामपंचायतींचा होता. एका केंद्रावर केंद्राध्यक्ष, मतदान अधिकारी, शिपाई, पोलीस. एवढी माणसं पाच वर्षांत एकदा लागणार म्हणून कायम पगारावर ठेवणारा आयोग कोणत्या देशात आहे? आणि त्याच वेळी सरपंचपदाचा लिलाव झाला म्हणून नाशिकच्या उमराण्याची आणि नंदुरबारच्या खोंडामळीची निवडणूक याच आयोगाने रद्द केली.

वऱ्हाडी_कास्तकार
भाऊ, लिलाव रद्द केला ते बराबरच केलं. पण यादीचा घोळ कोन पाहाते? विधानसभेची यादी भागाभागानं असते, गावचे वार्ड २०११ च्या जनगणनेच्या प्रगणक गटावर, म्हंजे मोजनीसाठी पाडलेल्या घरांच्या गटावर. तलाठी आन् ग्रामसेवक दोनी कागद समोर घेऊन बसते, कोनतं घर कोन्या वार्डात ते कंट्रोल चार्टवर मांडते. यादीत घर नंबरच्या जागी कुठं शून्य, कुठं नुसतं टिंब. कोलामाचं पोड, म्हंजे वस्ती, गावापासून दूर, तांडा नाल्याच्या पल्याड, आन् यादीत नावं सारी खालीवर. मंग पोडावरचे पाच-सात घरं मेन गावच्या वार्डात जाते. वार्डात मतं असते तीन-चारशे, तिथं पाच-सात घरं म्हंजे निकाल फिरला. हरकतीले दिवस मोजके, नोटीस लागते चावडीवर. मजुरी सोडून पोडावरून कोन पाहाले येते?

अचलपूर_नाका
दादा, हे खरं आहे, पण यावर इलाज आहे. प्रारूप यादीवर तीन प्रकारच्या हरकती चालतात: नाव चुकीच्या प्रभागात गेलं, विधानसभेच्या यादीत असून प्रभागाच्या यादीत आलं नाही, किंवा लेखनिकाची चूक. पोडावरच्या घरांचं प्रकरण पहिल्या प्रकारात बसतं. विधानसभा यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून अर्ज द्यायचा. नुसतं ‘आमची नावं चुकली’ असं लिहून दिलं की तपासायला धागाच मिळत नाही, हरकत तिथेच पडते. सोबत शेजारच्या दोन-तीन घरांचे अनुक्रमांक जोडावेत, म्हणजे वस्ती सलग आहे हे दिसतं.

पैनगंगाकाठ
पण या हरकतीत नवं नाव घालता येत नाही आणि मयताचं काढताही येत नाही, हे तुम्ही सांगितलं नाही. २०२५ च्या स्थानिक निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली. त्यानंतर दिल्लीच्या यादीत रीतसर नोंद झालेला पोरगा विधानसभेचा मतदार, पण आपल्याच गावच्या गणात मतदार नाही. याद्या तयार करण्यावरचं नियंत्रण कलम २४३-के (१) ने राज्य आयोगाकडे दिलं आहे. महाराष्ट्राच्या कायद्याने तयार विधानसभा यादी वापरायची सोय केली आणि हा अधिकार नुसता यादी फोडण्यापुरता उरला. केरळमध्ये राज्य आयोग स्वतःची यादी करतो आणि प्रभागरचना करणाऱ्या समितीचा अध्यक्षही राज्य निवडणूक आयुक्तच असतो.

झाडीपट्टी
दोघंही मोठं कारण सोडून बोलत आहात. रचना आयोगाकडे असती तरी २०२२ ला निवडणूक झाली नसती, कारण गाडी ओबीसी आरक्षणावर अडली. ४ मार्च २०२१ चा गवळी निकाल वाशीम जिल्हा परिषदेच्या वादातून आला. समर्पित आयोगाची (निवडणूक आयोग नव्हे, मागासलेपणा तपासायला नेमलेला वेगळा आयोग) माहिती हवी, तिच्यावरून प्रमाण ठरवायचं, आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर नको, अशी तिहेरी अट. आता गडचिरोली बघा. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जमाती ३८.७ टक्के, अनुसूचित जाती ११ टक्क्यांच्या वर. लोकसंख्येच्या प्रमाणात या दोन प्रवर्गांना जागा दिल्या की मर्यादा भरली, ओबीसींना उरतं जवळजवळ शून्य. हा पेच सोडवायचा अधिकार कोणत्याच निवडणूक आयोगाला नाही. तो विधिमंडळ, संसद आणि कोर्ट यांच्यातला आहे.

कोर्टकचेरी_नागपूर
ताई, आरक्षणाचं पटतं. पण आयुक्त कोण नेमतो, हे कुणीच बोलत नाही. दिल्लीच्या नेमणुकीसाठी निदान समिती आहे: मार्च २०२३ च्या अनूप बरनवाल निकालात पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश होते, त्याच वर्षीच्या डिसेंबरच्या कायद्याने सरन्यायाधीशांच्या जागी केंद्रीय मंत्री आला. मला तो बदल अजिबात पटत नाही, तीनपैकी दोन मतं सरकारचीच. पण राज्यात तेवढंही नाही. राज्यपाल नेमतात, म्हणजे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. गोव्यात कायदा सचिवालाच जादा कार्यभार दिला होता, मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की सरकारी नोकर आयुक्त होऊ शकत नाही. काढायला मात्र उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतकी कडक पद्धत. दारातून बाहेर काढणं अवघड केलं, आत कोण येतो ते सरकारवर सोडलं.

आणि दिल्लीचा आयोग चुकला तर कोर्ट थांबवतंही. अकोला पश्चिमची विधानसभा पोटनिवडणूक २६ एप्रिल २०२४ ला ठेवली होती, नागपूर खंडपीठाने ती रद्द केली, कारण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-ए प्रमाणे वर्षापेक्षा कमी मुदत उरली होती.

वऱ्हाडी_कास्तकार
एक सांगा, विधानसभेले मत कोनाले गेलं त्याची चिठ्ठी (व्हीव्हीपॅट) सात सेकंद दिसते, मंग झेडपीले आन् ग्रामपंचायतीले काहून नाई?

अचलपूर_नाका
कारण इथे एका मतदाराला एकापेक्षा जास्त मतं द्यायची असतात. ग्रामपंचायतीत थेट सरपंचाचं एक आणि प्रभागातल्या प्रत्येक जागेचं एकेक. मतपत्रिका रंगाने ओळखायच्या: सरपंचाची फिकी निळी, अनुसूचित जातीची गुलाबी, जमातीची हिरवी, ओबीसींची पिवळी, सर्वसाधारण पांढरी. सगळी बटणं दाबल्याशिवाय लांब बीप वाजत नाही. म्हातारी माणसं सरपंचाचं बटण दाबून निघतात आणि मशीन अडकून बसतं, रांग थांबते. अशा मशीनला चिठ्ठीची जोड अजून दिलेली नाही. म्हणून पोलिंग एजंटने सकाळचा मॉक पोल (मतदानाआधीची मशीनची चाचणी) सोडू नये. त्याची मतं ‘क्लिअर’ करून शून्य दाखवायला लावायचं. ते राहिलं की रात्री मशीनचा आकडा आणि नोंदवहीचा आकडा जुळत नाही, मग मोजणीत वाद.

पैनगंगाकाठ
म्हणजे चिठ्ठी नाही, यादी दुसऱ्याची, रचना सरकारची, नेमणूकही सरकारची. झाडीपट्टी, तुमचा आरक्षणाचा मुद्दा मान्य, २०२२ चा खोळंबा तिथूनच सुरू झाला. पण कोर्टाने वाट मोकळी केल्यावरही रचनेचं काम सरकारी वेळापत्रकाने चाललं. आधी मे २०२५ पासून चार महिने दिले होते, पुढे ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून घ्यावे लागले.

अचलपूर_नाका
रचनेपुरतं तुमचं पटलं. मसुदा जिल्हाधिकाऱ्यांनी काढावा, पण अंतिम मंजुरी आयोगाची हवी, कायदा बदलायला हरकत नाही. वेगळ्या यादीला मात्र माझा विरोध कायम आहे. एकाच गावात दोन याद्या म्हणजे बीएलओच्या दोन फेऱ्या. मेळघाटातली कोरकू कुटुंबं कामासाठी बाहेर असतात तेव्हा फेरी आली की घर बंद आणि शेरा ‘स्थलांतरित’. आज एका यादीतून नाव जायची भीती आहे, उद्या दोन्हींतून. दिल्लीच्या यादीत नाव नोंदवायला आता वर्षात चार तारखा आहेत. राज्य आयोगाने धरायची तारीख मतदानाच्या जवळ आणली तर तुमच्या त्या पोराचाही प्रश्न सुटतो, आणि त्यासाठी नवी यादी लागत नाही.