तातडीने मदत हवी: कालव्यातल्या लॉकचं दार उघडत नाहीये

खादाड_भटका:
इंग्लंडमध्ये नॅरोबोट (कालव्यातली लांब, अरुंद बोट) भाड्याने घेतली आहे. लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली करणाऱ्या दोन दारांमधल्या हौदात, उभे आहोत, पाणी भरलं, तरी दार ढिम्म हलत नाही. तिघं मिळून ढकलतोय. मागच्या बोटीतले आजोबा चहा पीत बघतायत. लवकर सांगा.

कोकणचा_साहेब:
कुठला कालवा? चढताय की उतरताय? कुठलं दार?

लंडनकर_मावशी:
उतरताना बोट पुढे ठेवा हं! वरच्या दाराखाली दगडी पायरी असते. पाणी उतरताना बोटीचं मागचं टोक तिच्यावर अडकलं तर पुढून पाणी शिरतं.

खादाड_भटका:
चढतोय हो मावशी. वरचं दार. ग्रँड युनियन कालवा, स्टोक ब्रुअर्न गाव.

बोटवेडा:
हलकेच इंजिनचा रेटा द्या. हॅटनच्या 21 लॉकमध्ये आम्ही तेच केलं, काही तुटलं नाही.

कोकणचा_साहेब:
अजिबात नको! पाण्यात दोन इंचांचा फरक राहिला तरी एकेका दारावर दीड-दोनशे किलोंचा दाब येतो. खालच्या दारांचे पॅडल (पाणी सोडायच्या झडपा) बघा. एखादा जरा वर राहिला की वरून येतं तेवढं खालून निघून जातं, शेवटचे इंच भरतच नाहीत.

बोटवेडा:
पुस्तकी सल्ला.

पनामाप्रेमी:
पनामात अख्खं जहाज 26 मीटर वर चढवतात. तिथे कोणी दार ढकलत बसत नाही.

लंडनकर_मावशी:
इथे सातही लॉक मिळून 56 फूटच आहेत, पण ढकलायचं आपणच. वर पोचलात की कालव्याचं संग्रहालय बघा.

खादाड_भटका:
उघडलं! खालचा डावा पॅडल वीतभर वर होता. मेव्हणा अजून म्हणतोय की त्याने बंद केला होता. आता पुढे ब्लिसवर्थचा बोगदा, 3076 यार्ड. समोरून बोट आली तर?

कोकणचा_साहेब:
दोन नॅरोबोटी शेजारून जातात. उजवी बाजू धरा, पुढचा दिवा लावा. रेनकोट घाला, हवेच्या विवरांतून पाणी पडतं.

पनामाप्रेमी:
पूर्वी बोटी घोडे ओढायचे ना? बोगद्यात घोडा कुठून जाणार?

कोकणचा_साहेब:
घोडा डोंगरावरून जायचा. बोगदा 1805चा, आत पायवाटच नाही. माणसं बोटीवर आडवी पडून भिंतीला पाय लावत बोट पुढे न्यायची.

बोटवेडा:
म्हणजे इंजिनच बरं.