अवकाश, अंतराळ की अंतरिक्ष?

धागा

सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी शुभांशु शुक्लांच्या मोहिमेवर मुलांना कळेल असा लेख लिहितेय. कात्रणं जमवली, तर एकाच माणसाला अंतराळवीर, अवकाशवीर, गगनयात्री आणि व्योमनॉट अशी चार बिरुदं! ते राहिले ते स्थानकही कुठे अंतराळ, कुठे अवकाश, कुठे अंतरिक्ष. आमच्या संपादक काकूंचा आग्रह आहे की लेखभर एकच शब्द हवा. कोणता धरू?

प्रतिसाद

काकूंना नमस्कार सांगा, पण एकच शब्द धरून भागणार नाही. मराठीत अवकाश आणि अंतराळ यांनी आपापलं काम वाटून घेतलंय.

अवकाश म्हणजे मोकळीक, मग ती जागेची असो वा वेळेची. ‘जेवायला अजून अवकाश आहे’ हे आपण घरात म्हणतोच. म्हणून विषयाचं, शास्त्राचं नाव घेताना हा शब्द बसतो: अवकाश संशोधन, अवकाश विज्ञान. भौतिकशास्त्रात तर अवकाश-काल हाच शब्द रुळलाय. अंतराळ म्हणजे दोहोंच्या मधली जागा. जुन्या देवळांत गाभारा आणि सभामंडप यांना जोडणारा जो अरुंद भाग असतो ना, त्याला अंतराळच म्हणतात. अंबरनाथला किंवा सिन्नरच्या गोंदेश्वराला गेलात तर तिथे क्षणभर थांबून बघा. आपण मंडपातही नसतो आणि गाभाऱ्यातही नसतो. माणूस अधांतरी तरंगतोय हे चित्र अंतराळ शब्दात आहे, अवकाशात नाही. म्हणून अंतराळवीर, अंतराळ स्थानक. यानाला मात्र दोन्ही चालतात, तिथे वाद घालू नये.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. अंतरिक्षाचा सुळसुळाट हिंदी पत्रकांतून झालाय. हिंदीत अवकाश म्हणजे सुट्टी (ग्रीष्मावकाश आठवा), त्यामुळे त्यांना तो शब्द नकोच होता. इस्रोचं हिंदी नाव ‘भारतीय अंतरिक्ष अनुसंधान संगठन’. आपल्याकडे काही बातम्यांत ते जसंच्या तसं येतं, अनुसंधानासकट. मराठीत अनुसंधान म्हणजे चित्त एका जागी लावून ठेवणं, नामाचं अनुसंधान. किंवा पत्रात ‘त्या अनुसंधानाने’. प्रयोगशाळेतल्या कामाला आपला शब्द संशोधन. आपण ‘भारतीय अवकाश संशोधन संस्था’ म्हणतो ते बरोबरच आहे.

एक अपवाद. २०३५ पर्यंत उभारायच्या आपल्या स्थानकाचं नावच ‘भारतीय अंतरिक्ष स्टेशन’ ठेवलंय. विशेषनाम आहे, ते बदलू नका.

प्रतिसाद

अंतरिक्षाला एकदम परकं ठरवू नका राव. आमच्या वाशिम जिल्ह्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा, म्हणून हे नाव. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी हा शब्द इस्रोच्या कितीतरी आधीपासून आहे. आणि वेदांत पृथ्वी आणि द्युलोक यांच्या मधलं ते अंतरिक्ष. म्हणजे हाही मधलाच!

प्रतिसाद

गगनयात्रीबद्दल कुणीच बोललं नाही. हा शब्द इस्रो गगनयानच्या चमूसाठी वापरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिरुवनंतपुरमला चार नावं जाहीर झाली: प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुक्ला. शुक्ला त्यांतलेच, पण २०२५ च्या जूनमध्ये ते गेले ॲक्सिऑम-४ मोहिमेतून, अमेरिकेहून, ड्रॅगन यानात. गगनयान अजून माणूस घेऊन उडायचंय. त्यामुळे या लेखात त्यांना अंतराळवीर म्हणा आणि गगनयानच्या परिच्छेदात गगनयात्री. मला स्वतःला यात्री ऐकलं की पंढरपूरची एसटी दिसते, पण तो माझा दोष. व्योमनॉट मात्र नको. अर्धा संस्कृत, अर्धा ग्रीक, मुलांना उच्चारायलाही जड.

प्रतिसाद

शब्द निवडताय तर एक वाक्यही टाळा: ‘गुरुत्वाकर्षण नसलेल्या अंतराळात’. स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर फिरतं. तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के असतं. स्थानक आणि आतली माणसं सतत पृथ्वीकडे पडत असतात, पण आडवा वेग इतका की जमीन खालून वळत जाते आणि गाठ पडत नाही. वजन जाणवत नाही ते त्यामुळे. ‘वजनरहित अवस्था’ म्हणा. शुक्लांनी तिथे मूग-मेथीच्या बियांना मोड आणण्याचा प्रयोग केला, तो मुलांना सांगा. मोड हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे आभार. अंतराळवीर आणि अंतराळ स्थानक पक्कं. अवकाश फक्त इस्रोच्या नावात आणि ‘अवकाश संशोधन’मध्ये ठेवते. काकूंना देवळाचं उदाहरण दाखवलं, विरघळल्या. आता एकच अडतंय. १५ जुलैला यान कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात उतरलं, त्याला एका कात्रणात ‘जलावतरण’ म्हटलंय. छान वाटतं. वापरू?

प्रतिसाद

नको! माझगाव डॉकमध्ये नवं जहाज पहिल्यांदा पाण्यात सोडतात, ते जलावतरण. वर्तमानपत्रांत त्याच अर्थाने येतं. तिथे प्रवास सुरू होतो, इथे संपतोय. मुलं गोंधळतील.

प्रतिसाद

+१. ‘पॅराशूटच्या आधाराने यान समुद्रात उतरलं’ एवढं लिहा. अलगद वगैरे जोडू नका, पाण्यावर आदळताना चांगलाच हिसका बसतो.