शैलाश्रयातला राखाडी पट्टा: चूल म्हणावी का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वालुकाश्मातल्या एका शैलाश्रयातल्या मातीची थिन सेक्शन्स (सूक्ष्मदर्शकासाठीचे अतिपातळ काप) बघतेय आणि एका पट्ट्यापाशी अडलेय. खड्ड्याच्या भिंतीत तो हुबेहूब चुलीसारखा दिसतो: वर राखाडी, खाली काळी रेघ, त्याखाली तांबूस माती. प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून अख्खा ठोकळा काढला, रेझिन मुरवलं, ३० मायक्रॉनचे काप झाले.

सूक्ष्मदर्शकाखाली मात्र गणित जुळेना. लाकडाच्या राखेत कॅल्साइटचे (चुन्याच्या खनिजाचे) बारीक कण हवेत, क्रॉस्ड पोलर्समध्ये, म्हणजे एकमेकांना आडव्या दोन ध्रुवण-गाळण्यांतून बघताना, लख्ख उजळणारे. इथे एकही नाही. राखाडी भागात क्वार्ट्झची वाळू आणि भरपूर फायटोलिथ (वनस्पतींच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण). काळ्या रेघेतल्या काही तुकड्यांत लाकडाच्या पेशी स्वच्छ दिसतात, बाकीचे नुसते काळे ठिपके.

चीनमधल्या झौकौदियनची, आदिमानवाचे अवशेष सापडलेल्या गुहेची, धास्ती आहे. तिथल्या १० व्या थराला वर्षानुवर्षं राख म्हटलं गेलं आणि १९९८ मध्ये तपासणी झाली तेव्हा ती राख नसून बराचसा पाण्याने आणलेला गाळ निघाला. कॅल्साइट नाही म्हणजे चूल नाही, असं धरायचं का?

प्रतिसाद १
नाही, इतक्यात नको. वालुकाश्मात बहुधा चुना फारसा नसतो, झिरपणारं पाणी आम्लधर्मी असेल तर राखेतलं कॅल्साइट विरघळून जातं. मागे सिलिकाचे फायटोलिथ आणि कोळसा उरतो. काळ्या ठिपक्यांसाठी परावर्तित (वरून पाडलेला) प्रकाश लावून बघा. खालून येणाऱ्या साध्या प्रकाशात कोळसा आणि मँगनीज दोन्ही अपारदर्शकच. मँगनीज बहुधा भेगांच्या कडेने, झाडासारख्या फांद्या फोडत वाढतं.

प्रतिसाद २
तांबूस मातीवर भिस्त ठेवू नका, लोहामुळेही माती लाल होते. त्या थरातल्या चिकणमातीचा इन्फ्रारेड वर्णपट काढा. साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापलेली चिकणमाती ओळखू येते. वर्णपट साधा आला म्हणून चूल बाद होत नाही, कारण विस्तवाखालची माती पुष्कळदा तेवढी तापतच नाही.

माझ्या मते खरा निकाल रचनेत आहे. फायटोलिथ अजून एकमेकांना जोडलेले, झाडात होते तसे ओळीने दिसतात का? मग राख जागेवरची. सुटे होऊन वाळूत विखुरलेले असतील तर कुणीतरी चूल उकरली, तुडवली किंवा पाण्याने हलवली. दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत सुमारे १० लाख वर्षांपूर्वीचा विस्तव २०१२ मध्ये मांडला गेला, तेव्हाही जळक्या वनस्पतींच्या अवशेषांच्या कडा झिजलेल्या नव्हत्या, हा मुद्दा कळीचा होता.

धागाकर्ती
आत्ताच पाहिलं. काळ्या रेघेलगत फायटोलिथच्या जोडलेल्या ओळी आहेत, वरच्या निम्म्या भागात सगळे सुटे, आणि त्यात किड्यांच्या बिळांसारख्या गोल पोकळ्या. परावर्तित प्रकाशाची सोय आमच्या सूक्ष्मदर्शकाला नाही. वरून टॉर्च धरून चालेल का?

प्रतिसाद १
कामचलाऊ चालेल, काप पॉलिश केलेला हवा. आणि तो खालचा भाग वेगळा थर म्हणून नोंदवा, वरच्यात मिसळू नका.