परवान्याची जाहीर नोंद आणि त्याच नावाचा दुसरा माणूस

तळटीप (धागाकर्ता)

डॉक्टर, वकील, नर्स, इंजिनियर... ज्यांना काम करायला परवाना लागतो, त्यांची नोंदवही सगळ्यांना बघता यावी याबद्दल माझं दुमत नाही. ज्याच्या सुरीखाली आपण झोपणार, त्याचा परवाना चालू आहे की निलंबित, हे आपल्याला कळलंच पाहिजे.

माझा आक्षेप शोधायच्या पद्धतीला आहे. नाव टाकलं की यादी येते. पाच ओळी, पाचही ओळींत तेच नाव आणि तेच आडनाव. चौघांपुढे 'चालू', एकापुढे लाल अक्षरांत 'निलंबित'. बघणाऱ्याची नजर कुठे जाणार? क्रमांकाच्या रकान्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

बरं, इथे निदान पाचही जण एकाखाली एक दिसतात तरी. सर्च इंजिनवर तेवढंही नशिबात नाही. शिस्तभंगाच्या आदेशाची पीडीएफ असते, तिच्यात नाव ठळक आणि नोंदणी क्रमांक आत कुठेतरी परिच्छेदात. शोधल्यावर वर येणाऱ्या दोन ओळींत दिसतं काय, तर नाव आणि 'परवाना निलंबित'. उरलेले चौघे तिथे नसतातच, कारण ज्याने काही केलं नाही त्याच्या नावाने आदेशही निघत नाही.

म्हणून माझं मत: परवाना चालू आहे की नाही, हे नावाने खुशाल शोधू द्या. पण शिस्तभंगाची फाइल उघडायला क्रमांक टाकावाच लागावा, आणि त्या पीडीएफ सर्च इंजिनांना बंद असाव्यात. होऊ दे चर्चा.

खवचट

ठाम असहमत. रुग्णाकडे क्रमांक असतो का? त्याच्याकडे नाव असतं, तेही पाटीवर वाचलेलं किंवा शेजाऱ्याने सांगितलेलं. आणि ज्याचा परवाना गेलाय तो विचारल्यावर स्वतःचा क्रमांक काढून देईल असं वाटतं तुम्हाला? तुमच्या योजनेत सगळ्यात निवांत झोपणारा माणूस तोच.

शिवाय 'निलंबित' एवढाच शब्द दाखवायचा आणि कशासाठी ते कुलपात ठेवायचं, यात लोक काय समजतील? फी भरायची राहिली म्हणून निलंबित झालेला आणि रुग्णाशी गैरवर्तन केलं म्हणून निलंबित झालेला, दोघे एकाच माळेचे मणी. ज्यांना वाचवायला निघालात त्यांचंच नुकसान.

रात्रपाळी

मी त्या चौघांपैकी एक, म्हणून लिहिते.

मी नर्स आहे. नवीन नोकरीचं सगळं ठरलं होतं, फक्त पार्श्वभूमी तपासणी बाकी होती. तपासणी करणाऱ्या एजन्सीच्या अहवालात माझ्या नावापुढे कारवाई लागलेली: औषधांच्या नोंदीत फेरफार. ती दुसरीच बाई होती. तिचं नर्सिंग पूर्ण झाल्याचं वर्ष माझ्या जन्माच्या आधीचं, आणि ते वर्ष अहवालात छापलेलं होतं! माझी जन्मतारीख त्याच पानावर, वर. एक वजाबाकी कुणाला करावीशी वाटली नाही.

मला सांगितलं गेलं की ती तुम्ही नाही याचा पुरावा आणा. शेवटी नियामकाकडून पत्र मिळवलं की अमुक क्रमांकावर कोणतीही कारवाई नाही. पत्र हातात पडेपर्यंत जागा भरली गेली होती.

तरीही नोंदी कुलपात घाला असं मी म्हणणार नाही. ती बाई माझ्या आईच्या खाटेशी ड्यूटीवर असती तर मला ते कळायलाच हवं होतं.

कलम_बहाद्दर

> एक वजाबाकी कुणाला करावीशी वाटली नाही.

गोम इथेच आहे. दोष नोंदवहीचा कमी आणि नुसत्या नावावरून जुळणी करणाऱ्यांचा जास्त. यातला अमेरिकेतला गाजलेला खटला म्हणजे ट्रान्सयुनियन विरुद्ध रामिरेझ. ट्रान्सयुनियन म्हणजे लोकांचे पत-अहवाल बनवून विकणारी कंपनी. 2011 मध्ये रामिरेझ गाडी घ्यायला गेले, तर विक्रेत्याने गाडी त्यांच्या नावावर द्यायला नकार दिला, कारण पत-अहवालात इशारा होता की हे नाव सरकारच्या दहशतवादी वगैरेंच्या यादीशी जुळतंय. कंपनी जुळवत काय होती, तर फक्त नाव आणि आडनाव. अशा इशाऱ्यांचे एकूण 8,185 लोक निघाले. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं की ज्यांचे अहवाल बाहेर कुणाला पाठवले गेले त्या 1,853 जणांनाच भरपाई मागता येईल. बाकीच्यांच्या फाइलीत चूक पडून होती, पण प्रत्यक्ष इजा झाली नाही.

म्हणजे तुमच्या नावावर दुसऱ्याचा डाग लागलेला असणं ही इजा नाही. तो कुणीतरी वाचला की इजा. तळटीप, तुमचा सर्च इंजिनचा मुद्दा मला या निकालामुळेच पटतो.

पण 'लपवा' म्हणणाऱ्यांनी कॅलिफोर्नियाचंही बघावं. तिथल्या अपील न्यायालयाने 2021 मध्येच ठरवलं की फौजदारी खटल्यांच्या सूचीत जन्मतारीख किंवा ड्रायव्हिंग लायसन्सचा क्रमांक टाकून शोधता येणार नाही. हेतू गोपनीयतेचा. परिणाम काय, तर नाव जुळल्यावर हा तो की तो नव्हे हे ताडायचं सोपं साधनच गेलं, आणि सामान्य नावांच्या लोकांचे तपासणी अहवाल अडकून पडू लागले. अर्धवट लपवलं की नामसाधर्म्याचा घोळ वाढतो.

खवचट

धन्यवाद. हेच म्हणतोय मी. कमी नको, जास्त छापा.

गणकयंत्र

नावावर भिस्त ठेवणं मुळातच हास्यास्पद आहे. दक्षिण कोरियात साधारण पाचातला एक माणूस किम. व्हिएतनाममध्ये न्गुयेन तर त्याहूनही जास्त. दुसरीकडे लग्नानंतर आडनाव बदललेली बाई नव्या नावाने शोधली तर सापडतच नाही, आणि लोक म्हणतात हिच्याकडे परवानाच नाही.

ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलची नोंदवही बघा. नावाने शोधता येते, पण प्रत्येकाला सात आकडी क्रमांक आहे, शिवाय पदवी कुठली आणि कोणत्या वर्षाची हेही समोर असतं. अमेरिकेत आरोग्यसेवा देणाऱ्यांना एनपीआय नावाचा दहा आकडी क्रमांक मिळतो. शेवटचा आकडा आधीच्या नवांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे टाइप करताना एक आकडा चुकला तर लगेच कळतं. तो परवाना नव्हे. परवाना राज्याचा, आणि राज्य बदललं की परवान्याचा क्रमांक वेगळा. एनपीआय मात्र तोच राहतो.

गंमत म्हणजे सगळ्या राज्यांतल्या कारवाया एकत्र करणारी नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँक 1990 पासून चालू आहे, आणि ती सामान्य माणसाला बंद आहे. रुग्णालयांना उघडी. म्हणजे जिथे जुळणी नीट होते ते दार बंद, आणि राज्याराज्यांचे सुटे तुकडे नावाने शोधायला सगळ्यांना मोकळे.

बॅकबेंचर

(अवांतर) हॉलिवूडच्या नटांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय. त्यांच्या संघटनेत एका नावाचे दोन सभासद चालत नाहीत. मायकेल कीटनचं खरं नाव मायकेल डग्लस. ते आधीच घेतलेलं, म्हणून कीटन. करा डॉक्टरांनाही लागू. :)

शंकासुर

क्रमांक क्रमांक करताय सगळे, पण तोतया काय करतो ते विसरताय. तो आपल्याच नावाचा खरा परवानाधारक शोधतो आणि त्याचा क्रमांक लेटरहेडवर छापतो. तुम्ही क्रमांक टाकून बघता, नाव जुळतं, 'चालू' दिसतं, तुम्ही निर्धास्त. नामसाधर्म्य इथे निष्पापाचा त्रास नाही, भामट्याचं भांडवल आहे. जाहीर क्रमांक ही ओळख आहे, ओळखीचा पुरावा नाही. फोटो हवाच.

रात्रपाळी

फोटोला माझा विरोध. नर्सला चिडलेल्या नातेवाइकापासून ते पाठलाग करणाऱ्या माणसापर्यंत सगळ्यांशी गाठ असते. काही ठिकाणी पत्तासुद्धा जाहीर असतो, त्यात आता चेहरा?

शंकासुर

मग तोतयाला कसा पकडणार?

रात्रपाळी

फोटो नोकरी देणाऱ्याला दाखवा, क्रमांक आणि ओळखपत्र दोन्ही दिल्यावर. अख्ख्या जगाला कशाला?

तळटीप

खवचट, फी थकलेला आणि गैरवर्तन करणारा एकाच रांगेत बसतील, हा तुमचा मुद्दा वजनदार आहे. निलंबन कशासाठी, हे यादीतच दिसावं. पण पीडीएफ सर्च इंजिनवर नकोत, यावर मी कायम आहे. नोंदवहीत येणारा माणूस मुद्दाम शोधायला आलेला असतो. सर्च इंजिनवर लग्न जुळवणारा, घर भाड्याने देणारा, जुना वर्गमित्र, कुणालाही ते आयतं मिळतं.

खवचट

आणि तुम्ही बंद केलंत की नोंदी उतरवून घेणाऱ्या खाजगी साइट्स तेच विकत बसतील. त्यांच्याकडची प्रत शिळी असते: निलंबन उठलं, आदेश रद्द झाला, तिथे पत्ताच नाही. मूळ नोंद वर दिसत असेल तर ती निदान ताजी असते. तुम्ही खरा झरा बुजवून डबक्याकडे पाठवताय लोकांना.

कलम_बहाद्दर

साइट्सवर जबाबदारी टाका ना. नाव सोडून आणखी एक तपशील जुळला नाही तर नोंद जोडायची नाही, जोडली तर भरपाई.

रात्रपाळी

तोवर माझी एक साधी मागणी. आदेशाच्या पहिल्याच ओळीत, नावाच्याही आधी, नोंदणी क्रमांक आणि पात्रता मिळवल्याचं वर्ष टाका. म्हणजे सर्च इंजिनवरच्या त्या दोन ओळींत तेही दिसेल. याला नवा कायदा कशाला हवा, नमुना बदलला की झालं.

खवचट

याला माझी अजिबात हरकत नाही. क्रमांकाशिवाय फाइल उघडणार नाही म्हणाल, तर मात्र शेवटपर्यंत राहील.