एचएमएस हर्मीस (बट्टिकलोआ): ५३ मीटरवर कुठला गॅस आणि किती?

खोलपाणी:
श्रीलंकेतली हर्मीस (दुसऱ्या महायुद्धात बुडालेली ब्रिटिश विमानवाहू नौका) डाइव्ह करायची आहे. तळ ५३ मीटर, बॉटम टाइम (तळावरचा वेळ) २० मिनिटं. आम्ही दोघं, दोघांकडेही ६० मीटरपर्यंतचं ट्रायमिक्स (ऑक्सिजन, हेलियम आणि नायट्रोजनचं मिश्रण) प्रमाणपत्र. प्रत्येकी १२ लिटरच्या दोन टाक्यांचा ट्विनसेट (२२० बार) आणि ५० टक्के नायट्रॉक्सची (निम्मा ऑक्सिजन असलेल्या गॅसची) ११ लिटरची स्टेज टाकी, वर येताना वापरायला. हेलियम फार महाग पडतंय. हवेत ऑक्सिजनचा दाब तिथे १.३२ बार येतो, म्हणजे मर्यादेत. साधी हवा चालेल का? आणि किती बारवर परत फिरायचं?

दर्यावर्दी:
हवा नको. ऑक्सिजनचं गणित बसतं, घनतेचं बसत नाही. ५३ मीटरवरच्या ६.३ बार दाबाला हवा लिटरमागे ८ ग्रॅमच्या आसपास जाते. कमाल मर्यादा ६.२ ग्रॅम आहे. इतका जड गॅस आत-बाहेर करताना फुप्फुसं दमतात, प्रवाहात फिन मारले की कार्बन डायऑक्साइड साठतो आणि नार्कोसिस (खोलीवर गॅसमुळे येणारी गुंगी) त्यानेच आणखी चढतो. धाप लागल्यावर रेग्युलेटर बिघडल्यासारखा वाटतो, पण दोष गॅसचा असतो. २१/३५ (२१ टक्के ऑक्सिजन, ३५ टक्के हेलियम) घ्या. घनता ५.७५, ऑक्सिजन तोच १.३२, नार्कोसिस ३१ मीटरवरच्या हवेइतका. परवडलं तर १८/४५, साधारण ५ ग्रॅम.

सुकाणू:
परतीचा आकडा ९० बार. घाबरलेले दोघं एकाच सेटवर, मिनिटाला ६० लिटर धरा. तळावर २ मिनिटं ७५६ लिटर, २१ मीटरपर्यंत ४ मिनिटं ११२८, तिथे स्टेजच्या गॅसवर जायला १ मिनिट १८६. एकूण २०७०, भागिले २४ म्हणजे ८६ बार.
मिनिटाला २० लिटरच्या श्वासाला उतरणं आणि तळावरची २० मिनिटं मिळून २७४० लिटर, म्हणजे ११४ बार जातात, बसतं. प्रवाहामुळे श्वास २५ वर गेला तर मात्र १७ मिनिटांतच निघा. वेळ आणि दाब, जे आधी संपेल ते.

दर्यावर्दी:
स्टेजबद्दल राहिलं. टाकीवर '२१' (तो गॅस जास्तीत जास्त किती मीटरवर घ्यायचा) हा आकडा मोठा आणि आडवा लिहा, जोडीदाराला टाकी अंगाला लागलेली असतानाही वाचता आला पाहिजे. रेग्युलेटरमध्ये दाब भरून झडप बंद ठेवायची. २१ मीटरला खोली बघायची, लेबल वाचायचं, झडप उघडायची, होस बोटाने टाकीपासून तोंडापर्यंत चाचपायची, जोडीदाराने मान हलवली की मगच श्वास. हाच गॅस चुकून तळावर घेतला तर ऑक्सिजनचा दाब ३.१५ होतो, आकडी येऊन माणूस बुडतो.

वल्हं:
जहाज डाव्या कुशीवर पडलंय, त्यामुळे आत जमीन-भिंत उलटसुलट लागते आणि गाळ उठला की दिशाच राहत नाही. पहिल्या डाइव्हला आत शिरू नका. अडकलेल्या जाळ्यांसाठी प्रत्येकी दोन कापायची साधनं, हात पोचेल अशा दोन वेगळ्या जागी. वर यायचा दोर सुटला तर खुल्या समुद्रात वाहत डेको (वर येताना ठरावीक खोलीवर थांबणं) करावा लागतो, म्हणून बोय (पृष्ठभागावर जागा दाखवणारा फुगा) २१ मीटरवरूनच सोडा आणि बोटवाल्याला हे आधी सांगून ठेवा.
९ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांच्या हल्ल्यात इथे ३०७ जण गेले. ती त्यांची कबर आहे. काहीही उचलू नका, तोफांजवळच्या गोळ्यांना तर हातही लावू नका.

खोलपाणी:
२१/३५ ठरवलं. डेकोनंतर विमान?

सुकाणू:
किमान २४ तास नाही.